कॅसिओ एफ-९१डब्ल्यू घड्याळ: फोन घरी ठेवून अजिंक्यताऱ्यावर चालायला जाणारीचा रिव्ह्यू

हे घड्याळ मी एकाच कामासाठी घेतलं, सकाळी साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर चालायला जाताना फोन घरी राहावा म्हणून. त्यामुळे हा रिव्ह्यू घड्याळाचा जितका आहे तितकाच बिनफोनच्या चालण्याचा आहे, आणि खरं सांगू का, मला त्या चालण्याबद्दलच जास्त बोलायचंय. ज्यांना फक्त घ्यायचं का नाही एवढंच पाहिजे त्यांना उत्तर लगेच देते, घ्या, बिनधास्त घ्या, हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतं आणि आमच्या साताऱ्यासारख्या गावात पण सहज मिळून जातं. बाकीच्यांनी बसा जरा निवांत.

आधी वस्तू काय आहे ते. कॅसिओचं हे मॉडेल १९८९ साली आलं आणि तेव्हापासून जवळजवळ तसंच विकलं जातंय, म्हणजे आपल्यातल्या कित्येकांनी शाळेत असताना कुणा ना कुणाच्या हातात बघितलेलं असणारच. काळं, चौकोनी, रेझिनचा पट्टा, तीन बटणं, वजन फक्त २१ ग्रॅम, जाडी साडेआठ मिलिमीटर. पडद्यावर वार, तारीख, तास, मिनिट, सेकंद. आत एक स्टॉपवॉच, एक अलार्म आणि तासाला वाजणारी बिप. बॅटरी साधारण सात वर्षं चालते असं कंपनी सांगते आणि वेळ महिन्याला फार तर ३० सेकंद पुढंमागं होते. ब्लूटूथ नाही, स्टेप्स नाहीत, मेसेज नाहीत, चार्जर नाही. मला नेमकं हेच पाहिजे होतं.

आता फोन सोबत का जातो ते बघा. मी चालायला येणाऱ्या बऱ्याच बायकांना विचारलं, अगदी खोदून खोदून विचारलं, की तुम्ही फोन का आणता, तर गाणी, स्टेप्स, फोटो, घरून कुणाचा फोन आला तर, असं सगळं सांगून झाल्यावर शेवटी प्रत्येकीचं एक कारण निघतंच, "अगं वेळ कळायला नको का." आणि ते खरंय. सकाळी आम्हा बायकांना वेळेचं भान ठेवावंच लागतं, नळाला पाणी यायची वेळ असते, डबे असतात, पोरांची व्हॅन असते. आणि घड्याळ वापरायची सवय आपल्यातून कधीच गेलीय त्यामुळे वेळ म्हणजे फोन. मग काय होतं, चढावर दमलं की थांबायचं, वेळ बघायला फोन काढायचा, तिथं शाळेच्या ग्रुपवर काहीतरी आलेलं असतं, ते वाचायचं, त्याला उत्तर द्यायचं, तेवढ्यात आणखी कुणीतरी काल रात्रीचं काहीतरी पाठवलेलं असतं, आणि वेळ बघायचीच राहते. त्या वळणावरून खाली अख्खं सातारा दिसत असतं आणि चार बायका त्याच्याकडे पाठ करून अंगठ्यानं टाईप करत उभ्या असतात. मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण दिवसातला हा एकच तास त्यांचा स्वतःचा असतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. फोन सोबत न्यायच्या कारणांपैकी खऱ्या गरजेचं कारण बहुतेकींचं एकच असतं, वेळ, आणि ते मनगटावरच्या साध्या घड्याळानं सुटतं. तेवढं सुटलं की बाकीची कारणं आपोआप गळायला लागतात.

आता हेच घड्याळ का, कपाटात पडलेलं बाबांचं एचएमटी का नाही, तर तेही चालेल, मी नको म्हणणार नाही. पण ह्याच्यात तासाला जी बिप वाजते ना, ती चालणाऱ्याच्या फार कामाची आहे. मी सहानंतर उजाडता उजाडता राजवाड्यापासून निघते, अदालत वाड्याच्या बाजूनं जी पायवाट वर जाते ती धरते, ती पुढं गडाच्या डांबरी रस्त्याला लागते, आणि मग वळणं घेत घेत महादरवाजा. बरोबर सात वाजता मनगटावर बारीक पिप-पिप होतं आणि मी असेन तिथून मागं फिरते. कधी मंगळाईच्या देवळापाशी असते, कधी दरवाज्यातल्या मारुतीपाशी, कधी नुसतीच एखाद्या वळणावर. मधल्या काळात एकदाही घड्याळ बघावं लागत नाही. वेळेची काळजी मी घड्याळावर सोपवलेली असते आणि डोकं मोकळं. फोनमध्ये पण अलार्म लावता येतो की, असं म्हणाल, येतो, पण तो बंद करायला फोन हातात घ्यावा लागतो आणि फोन हातात आला की पुढचं वर लिहिलंच आहे.

मोकळ्या कानांचं काय ते आता सांगते, ह्यावर मी थोडी लांबण लावणार आहे.

गडाच्या रस्त्यावर गाड्या असतात. वर प्रसारभारतीचं ऑफिस आहे, टॉवर आहेत, लोक गाडीनं पण वर येतात आणि पोरं मोटारसायकलवर उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलवर सोडतात. अशी गाडी वळणावरून मागून आली तर तिचा आवाज म्हणजे फक्त टायरखाली खडी चिरडल्याची कुरकुर असते, बाकी काही नाही. पाठीमागं काय चाललंय हे सांगायला आपल्याकडे कान सोडून दुसरं काही नाहीच. ते दोन्ही बुजवून, त्यात हल्लीचे ते बाहेरचा आवाज मारणारे इअरबड घालून, उताराच्या रस्त्यावर मधोमध चालणारी तरणी पोरं बघितली की पोटात गोळा येतो. त्यात साताऱ्यात डोंगराच्या कडेनं बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. तिथं पालापाचोळ्यातली सळसळ ऐकू यायला पाहिजे, वानरं आणि मोर अचानक ओरडायला लागले तर तेही ऐकू यायला पाहिजे.

पण भीतीसाठी कान उघडे ठेवा एवढंच सांगून मी थांबले तर त्या सकाळीवर अन्याय होईल. खालून गाव उठताना ऐकू येतं. आधी कुठंतरी एक कोंबडा, मग देवळातल्या घंटा, मग स्टँडकडून एसटीचा हॉर्न, मग दुधाच्या गाड्या, भांड्यांचे आवाज, एखाद्या घरातला रेडिओ, आणि ह्या सगळ्याच्या मागं हायवेची सलग घुमणी. जसजसं वर जाल तसतसं एकेक आवाज खाली सुटत जातो आणि पाखरं जवळ येतात. तांबट तर दिसत नाहीच, नुसतं टुक-टुक-टुक-टुक चालू असतं, ते एकदा ओळखता आलं की गावात सुद्धा ठिकठिकाणी ऐकू यायला लागतं, आपल्या गल्लीत सुद्धा, आणि आपण इतकी वर्षं काय ऐकत होतो असा प्रश्न पडतो. उन्हाळा संपता संपता पावशा ओरडायला लागतो, आमच्याकडे म्हणतात तो पेरते व्हा, पेरते व्हा सांगतो. सातभाईंचा घोळका जाळीत कलकलाट करतो, दयाळ एकटाच उंच शेंड्यावर बसून शीळ घालतो, कोतवाल दुसऱ्याच पक्ष्यांचे आवाज काढून फसवतो. मी काही पक्षीमित्र वगैरे नाही, मला कुणी शिकवलं पण नाही, रोज तेच तेच ऐकून आपोआप ओळख होते. आणि पावसाळ्यात धुकं असलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही, तेव्हा तर चालणं म्हणजे निव्वळ ऐकणं असतं, पागोळ्या, झाडावरून पडणारं पाणी, समोरून येणाऱ्याच्या काठीचा आवाज आधी आणि माणूस नंतर.

आणि स्वतःचा श्वास. हे फार महत्त्वाचं आहे आणि ह्याबद्दल कुणी बोलत नाही. कानात गाणं असलं की पाय गाण्याच्या तालावर पडतात, गाणं जोरातलं असेल तर चढावर पण जोरात, आणि दम लागलाय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. कान मोकळे असले की श्वास कधी जड झाला, तोंडानं घ्यायला लागलो का, टाच घासत चाललोय का, एक पाय दुसऱ्यापेक्षा जोरात आपटतोय का, सगळं ऐकू येतं. डॉक्टर लोक बोलण्याची परीक्षा सांगतात ना, चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये, म्हणजे वेग बरोबर आहे, ती परीक्षा स्वतःचा आवाज ऐकू आला तरच देता येते. उतरताना तर हे जास्तच, पायवाटेवर मुरूम सुटा असतो, पाय सरकायच्या आधी खडी बारीक आवाज करते, गुडघे दुखणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी इअरफोन घरी ठेवावेत.

डोळ्यांचं पण सांगते. अमेरिकेत वेस्टर्न वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या आवारात संशोधकांनी एक गंमतीशीर प्रयोग केला होता, २०१० च्या सुमाराला तो प्रसिद्ध झाला. एका विदूषकाला एकचाकी सायकलवर बसवून चौकात फिरवलं आणि तिथून चालत गेलेल्या लोकांना नंतर विचारलं की तुम्हाला विदूषक दिसला का. फोनवर बोलत चाललेल्यांपैकी साधारण २५ टक्क्यांनाच तो दिसला होता. एकटे, हातात काही न घेता चाललेल्यांपैकी निम्म्यांना दिसला, आणि दोघं जोडीनं गप्पा मारत चाललेल्यांना सगळ्यात जास्त, ७० टक्क्यांच्या वर. म्हणजे बोलण्यानं लक्ष जात नाही, सोबतीच्या माणसाशी बोललं तर चार डोळे होतात, पण फोनवरच्या माणसाशी बोलताना आपण तिथं नसतोच. आता प्रामाणिकपणे हे पण सांगायला पाहिजे की त्या प्रयोगात गाणी ऐकणाऱ्यांना विदूषक चांगला दिसला होता, एकट्या चालणाऱ्यांपेक्षा थोडा जास्तच. त्यामुळे गाण्यांनी डोळे बंद होतात असं मी म्हणत नाही. हेडफोनबद्दल माझी तक्रार वर लिहिलेली आहे, कान आणि श्वास, तेवढीच, आणि ती पुरेशी आहे.

मग मनाचं. ह्याबद्दल लोक फार मोठं मोठं बोलतात म्हणून मी जपून लिहिते. स्टॅनफर्डमध्ये २०१५ साली लोकांना दीड तास चालायला लावलं होतं, काहींना झाडाझुडपातून आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेनं, आणि झाडाझुडपातून आलेल्यांचं तेच तेच नकोसं मनात घोळवत बसणं कमी झालेलं आढळलं, मेंदूचा त्याच्याशी संबंधित भाग पण थोडा शांत झालेला दिसला. त्याच्या आदल्या वर्षी तिथंच दुसरा अभ्यास झाला होता, त्यात चालताना माणसाला नवीन कल्पना बसल्यापेक्षा सरासरी ६० टक्के जास्त सुचल्या, आणि गंमत म्हणजे भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालवलं तरी सुचल्या. म्हणजे सुचण्याचं काम चालण्यानंच होतं. मग त्या वेळात कानात दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं ओतून ठेवलं तर आपलं कधी सुचायचं? मी स्वतः शिकवते, मला वर्गात उद्या अपूर्णांक कसे घ्यायचे हे टेबलाशी बसून कधी सुचलं नाही, ते सगळं त्या तिसऱ्या-चौथ्या वळणाच्या मध्ये सुचतं. घरातलं भांडण असेल तर चढताना मी मनातल्या मनात वाद घालत असते आणि उतरताना समोरच्याचं काय म्हणणं असेल ते कळायला लागतं. रोज नाही होत असं. पण होतं.

एक इशारा मात्र देते, सुरुवातीचे काही दिवस कंटाळा येतो. हात सारखा खिशाकडे जातो. रस्ता लांब झाल्यासारखा वाटतो. मध्येच वाटतं घरून फोन आला असेल, कुणाला काही झालं असेल. माझ्या शेजारच्या वहिनी तर दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "ताई, मला ह्या शांततेत नको नको ते आठवतंय." मी त्यांना म्हणलं, आठवू दे, ते असंही आठवणारच आहे, रात्री अंथरुणात आठवण्यापेक्षा चालता चालता आठवलेलं बरं. आता त्या माझ्याआधी अदालत वाड्यापाशी येऊन उभ्या असतात. हा कंटाळा टिकत नाही, त्याच्यावर औषध शोधू नका, त्याला येऊन जाऊ द्या.

आणि माणसं भेटतात हो. कानात काही नसलेल्या बाईशी लोक बोलतात, इतकं साधं आहे. "काय ताई, आज उशीर?" इथपासून सुरू होतं. आमच्या जिल्ह्यात फौजेत गेलेली माणसं घराघरात, त्यामुळे सकाळी गडावर रिटायर झालेले सुभेदार, हवालदार बरेच भेटतात, ताठ चालतात आणि बोलायला लागले की वेळ विसरतात. त्यातल्या एका काकांनी मला मंगळाईच्या बाजूला उभं करून सांगितलं की औरंगजेब स्वतः १६९९ च्या डिसेंबरात इथं वेढा घालून बसला होता, मुघलांनी तटाला सुरुंग लावला आणि उडालेला तट त्यांच्याच सैन्यावर कोसळला, तरी १७०० च्या एप्रिलात किल्ला गेला, त्याचं नाव त्यानं आझमतारा ठेवलं आणि नंतर मराठ्यांनी तो परत घेतल्यावर अजिंक्यतारा झालं. शाळेत वाचलेलं होतंच. पण तिथं उभं राहून, हातातली काठी दाखवत सांगणाऱ्या माणसाकडून ऐकलं तेव्हा तो तट दिसायला लागला. पुढं १७०८ मध्ये शाहूमहाराजांचा राज्याभिषेक साताऱ्याला झाला आणि हळूहळू खाली हे गाव वाढलं, म्हणजे आपण राहतो ते गाव एका अर्थी ह्या डोंगराच्या पोटी जन्मलेलं आहे. त्याच काकांनी समोरचे डोंगर बोटानं दाखवून ओळखायला शिकवले, हा यवतेश्वर, तो सज्जनगड, तिकडं जरंडा, आणि हवा स्वच्छ असली की लांब चंदन-वंदन आणि कल्याणगड. कानात गाणं असतं तर काका नुसती मान हलवून पुढं गेले असते आणि मला ह्यातलं काही मिळालं नसतं.

स्टेप्सचं काय, हा प्रश्न हमखास येतो. बघा, दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या वैद्यकीय नियमातून आलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं होतं त्याच्या नावातून तो आला, मांपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. पुढं २०१९ मध्ये वयस्कर अमेरिकन बायकांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात साधारण साडेसात हजार पावलांपर्यंत फायदा वाढत गेला आणि त्यापुढं तो तसाच राहिला. जागतिक आरोग्य संघटना तर पावलांचं नावच घेत नाही, आठवड्याला निदान १५० मिनिटं बऱ्यापैकी वेगानं हालचाल करा म्हणते. मिनिटं! आणि मिनिटं मोजायला घड्याळ आहेच. वेग कसा कळायचा, तर साधारण मिनिटाला १०० पावलं म्हणजे मध्यम वेग धरतात. सपाटीवर स्टॉपवॉच चालू करा, अर्धा मिनिट पावलं मोजा, पन्नास भरली तर चांगलं चाललंय. नाडी बघायची तर १५ सेकंद मोजून चारानं गुणा. हे सगळं ह्या घड्याळात होतं आणि मुख्य म्हणजे मोजून झालं की विषय संपतो, घरी येऊन आलेख बघत बसावं लागत नाही, कुणाच्या पावलांशी तुलना होत नाही. स्मार्टवॉच घालून फोन घरी ठेवला तर चालेल का, असं माझ्या भाचीनं विचारलं. तिला सांगितलं की मेसेज मनगटावर थरथरणार असतील तर फोन घरी ठेवून उपयोग काय, सगळं बंद करून नुसती वेळ बघणार असशील तर खुशाल घाल.

आता जबाबदारीचं बोलू. फोन घरी ठेवा हे मी सगळ्यांना सांगत नाही. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, साखर एकदम उतरते, ज्यांच्या घरी आजारी माणूस किंवा तान्हं बाळ आहे, त्यांनी संपर्काचं साधन ठेवावंच, त्यासाठी साधा बटणाचा फोन खिशात टाका, त्याच्यावर फोन येतो-जातो आणि बाकी काही खेचून घेत नाही. बायकांनी एकटीनं आडवाटेला जाताना तर विचार करूनच ठरवावं. मी पूर्ण उजेड पडल्याशिवाय पायवाट धरत नाही, अंधार असेल तर डांबरी रस्त्यानं आणि कुणाच्या तरी सोबतीनं, आणि घरी कुठल्या वाटेनं जाणार आणि कधी येणार ते सांगून निघते. नवऱ्याचा सुरुवातीला ह्याला विरोधच होता, "अगं काही झालं तर कळणार कसं," तर त्याच्यावर हेच ठरलं, आठ वाजेपर्यंत आले नाही तर त्यानं गाडी काढून गडाच्या रस्त्याला यायचं. फोन यायच्या आधी माणसं असंच करत होती.

खिशात काय ठेवावं ते पण सांगते. एक कागदाची चिठ्ठी, त्यावर नाव, घरच्या दोघांचे नंबर आणि रक्तगट, पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून. घराची किल्ली. आणि रोख पैसे, पन्नासची नोट आणि थोडे सुट्टे, हे विसरू नका, कारण हल्ली चहाच्या टपरीवर सुद्धा सगळे स्कॅन करतात आणि फोन नसला की चहाला पण मुकायला होतं. माझ्या पन्नासात राजवाड्यावर चहा होतो आणि उरतं.

फोटोंची हळहळ होते, हे मान्य. श्रावणात ऊन-पावसात यवतेश्वरावर इंद्रधनुष्य पडतं, धुक्यातून फक्त टॉवरचा शेंडा वर दिसतो, तेव्हा वाटतं अरेरे. पण घरी येऊन मी ते सासूबाईंना सांगते, त्यांना आता चढवत नाही, त्या पूर्वी रोज जायच्या. फोटो दाखवला असता तर त्यांनी हं छान म्हणून बाजूला ठेवला असता. सांगायला लागलं की त्या मध्येच विचारतात, तळ्यात पाणी आलं का गं, कोठाराच्या बाजूला गवत किती वाढलंय, आणि मग दुसऱ्या दिवशी मला ते बघून यावं लागतं. वरची तळी उन्हाळ्यात आटतात, त्यामुळे पहिल्या पावसानंतर हा प्रश्न रोज असतो.

घड्याळाच्या मर्यादा राहिल्या, त्या पटापट सांगते. लाईट अगदी मिणमिणती आहे, डाव्या कडेला एक हिरवा दिवा लागतो आणि बटण दाबून ठेवलं तेवढाच वेळ, त्यामुळे अंधारात आकडे अर्धेमुर्धेच वाचता येतात. अलार्मचा आवाज बारीक आहे, गाढ झोपणाऱ्याला उठवायला त्याच्यावर विसंबू नका. स्टॉपवॉच एका तासापर्यंतच मोजतं, मग परत शून्यापासून. पडद्यावरची काच प्लास्टिकची आहे, चरे पडतात. वॉटर रेझिस्ट लिहिलंय ते घाम, पाऊस, हात धुणं एवढ्यासाठी, पोहायला नाही, साताऱ्याच्या पावसाला मात्र पुरतं. तारीख लीप वर्ष ओळखत नाही, फेब्रुवारी म्हणजे २८ दिवसच धरते, तर आता २०२८ च्या २९ फेब्रुवारीला ते १ तारीख दाखवेल, तेव्हा हातानं बदलून घ्यायचं. वयानं चाळिशी लागलेल्यांना बारीक आकडे, म्हणजे वार आणि तारीख, चष्म्याशिवाय दिसणार नाहीत, पण तास-मिनिटं ठळक आहेत. पट्ट्याखाली घाम साचून खाज येते काहींना, घरी आल्यावर पाण्यानं धुऊन पुसून ठेवला की प्रश्न मिटतो.

घेताना एवढंच बघा की नकली माल भरपूर आहे. उजवीकडचं बटण तीनेक सेकंद दाबून ठेवलं की पडद्यावर कॅसिओ असं नाव उमटतं, ही जुनी खूण, पण हल्ली तेवढ्यावर जाऊ नका, पावती आणि वॉरंटी कार्ड देणाऱ्या दुकानातूनच घ्या. ज्यांना काळा प्लास्टिकचा पट्टा शोभत नाही असं वाटतं त्यांच्यासाठी चंदेरी चेनवालं ए-१५८ येतं, काम जवळपास हेच करतं, थोडं महाग पडतं आणि चेनमध्ये हातावरची लव ओढली जाते, म्हणून चालायला मी काळंच घालते. बारीक मनगटाच्या बायकांनी आणि शाळकरी पोरांनी काळजी करू नका, पट्ट्याला भोकं पुरेशी आहेत.

आणि दुकानातच तासाची बिप चालू करून घ्या, बऱ्याच जणांना ती आहे हेच माहीत नसतं. डावीकडचं खालचं बटण एकदा दाबलं की अलार्मचा पडदा येतो, तिथं उजवीकडचं बटण दाबत राहायचं, घंटेची आणि बिपची खूण आलटून पालटून येते, पाहिजे ती आली की सोडायचं.